गूळ-चारोळीचे बेकन (पवनी पद्धत)

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचे, मांस आणि चरबी यांचे एकाआड एक थर असलेले, मीठ लावून मुरवलेले आणि बहुधा धुरी दिलेले मांस. त्याच्या पातळ पट्ट्या कापून भाजतात. गोड-खारे बेकन ही त्याची पुढची पायरी: भाजत आलेल्या पट्ट्यांवर गूळ किंवा साखर, तिखट आणि एखाद्या सुक्या मेव्याचा भरडा थापायचा आणि कडक होईपर्यंत पुन्हा भाजायचे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हा पदार्थ प्रलीन बेकन या नावाने न्याहारीला मिळतो. वर पेकान असतो, तो अक्रोडाच्या भावकीतला. प्रलीन हे नाव सतराव्या शतकातल्या प्लेसी-प्रालँ नावाच्या फ्रेंच सेनानीवरून पडले. त्याच्या आचाऱ्याने बदाम साखरेत घोळवले आणि नाव मालकाचे झाले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, राबायचे एकाने आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे ही रीत फ्रान्सपुरती नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी येथे हा पदार्थ, नोंद आहे तेवढ्यापुरते बोलायचे तर, दोनदा करायला घेण्यात आला. दोन्ही वेळा इसम एकच: निवृत्त विज्ञानशिक्षक. तोच या नोंदीचा लेखकही आहे. पण नोंद निःपक्षपाती राहावी म्हणून त्याचा उल्लेख यापुढे ‘करणारा’ असा केला आहे. करणाऱ्याचा स्वयंपाकातला पूर्वानुभव चहा आणि एकदा पोहे एवढाच. पोह्यांबद्दल घरात अजून दोन मते आहेत. परदेशी असलेल्या मुलाने या पदार्थाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तेव्हा करणाऱ्याने खाली लिहिले, ‘यात काय आहे? चिक्कीच आहे, फक्त दाण्याखाली मटण.’ यावर मुलाने अंगठा दाखवला. सुनेने दोन अंगठे दाखवले. एकतीस वर्षे वर्गाला ‘प्रयोग करून पाहा’ असे सांगणाऱ्या माणसाला दोन अंगठ्यांनंतर माघार घेता येत नाही.

साहित्यात पहिले साहित्य बेकन. पवनीच्या बाजारात ते या नावाने मिळत नाही. ते नागपुरात, सुमारे 80 किलोमीटरवर, मोठ्या दुकानांच्या गोठवलेल्या कपाटात मिळते. वाहतुकीसाठी थर्माकोलची पेटी, बर्फ आणि एसटी ही साधने वापरता येतात, मात्र महिना मे नसावा. नोंदलेल्या प्रयोगात बर्फाने उमरेडला घाम सोडला आणि भिवापूरला प्राण. पाणी शेजारच्या प्रवाशाच्या पिशवीवर ठिबकू लागले. ‘मच्छी आहे का जी?’ असे त्याने विचारले. भंडारा जिल्ह्यात मच्छी म्हटल्याने कोणाची इज्जत जात नाही. हो म्हटले असते तर भागले असते. करणाऱ्याने ‘औषध आहे’ असे सांगितले. त्यानंतर प्रवाशाने पवनी येईपर्यंत आपल्या मधुमेहाची हकीकत सांगितली आणि उतरताना पेटीला हात लावून नमस्कार केला. पेटीतले औषध तोवर वासाला लागले होते. ते रात्री, कोणी पाहत नाही हे पाहून, घरामागे खड्ड्यात पुरण्यात आले. बेकन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानेही मांस बर्फात टिकते का हे पाहायला कोंबडीत बर्फ भरला, त्यात थंडी भरून तो 1626 मध्ये वारला, असे जॉन ऑब्री लिहितो. करणारा वारला नाही. त्याचे चौदाशे रुपये गेले.

दुसरा मार्ग म्हणजे ताजे मांस आणून घरी मुरवणे. हा मार्ग करणाऱ्याला आधी का सुचला नाही, याचे उत्तर भूगोलात नाही. गावाच्या टोकाला दर रविवारी डुकराचे मांस मिळते आणि ते करणाऱ्याच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. बारा मिनिटे सोडून 80 किलोमीटर जाण्याचे कारण एवढेच की तिकडे ते बेकन असते आणि इकडे डुकराचे मटण. प्राणी एक, भाग एक, चरबीही तीच. पण प्लास्टिकच्या पाकिटावर इंग्रजी अक्षरे उमटली की शाळेच्या दाखल्यावर जात लिहायची राहून गेल्यासारखे होते.

येथे एक आरोग्यविषयक टीप देणे भाग आहे. डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या आतड्यात जातो. तो चपटा, खंडखंडांचा आणि कित्येक मीटर लांब वाढणारा असतो. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापले की ही भीती उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की डुकराच्या अंगात हा कृमी आपोआप उपजत नाही. तो माणसाच्या मैल्यातून डुकरात जातो. म्हणजे घाण मुळात माणसाची. ही दुसरी गोष्ट वर्गात शिकवताना नेहमी तास संपत आलेला असे. पहिली गोष्ट मात्र आकृतीसह, रंगीत खडूने शिकवली जाई. अशाच एका तासाला, नववीच्या वर्गात, ‘डुकराचे मांस’ हे शब्द फळ्यावर उमटताच अख्खा वर्ग मान वळवून शेवटच्या बाकाकडे पाहू लागला. त्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या घरी डुकरे होती. कोणीतरी तोंडाने डुकराचा आवाज काढला. मुले हसली. शिक्षकाने फळ्याकडे तोंड ठेवूनच ‘पुढची ओळ लिहा’ असे म्हटले आणि पुढची ओळ लिहिली. मुलगा त्यानंतर चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी हजेरी घेताना त्याला गैरहजेरीचे कारण विचारण्यात आले.

रविवारचे दुकान आता त्याचेच आहे. करणारा तेथे गेला तेव्हा तो उठून उभा राहिला. ‘सर, तुमी? रस्ता चुकले का जी?’ करणाऱ्याने पोटाची पट्टी मागितली, थरांची जाडी बोटाने दाखवली आणि तिचे काय करायचे आहे ते बेकन, मुरवणे, अमेरिका या क्रमाने समजावले. गरज नसताना समजावून सांगणे हा या पेशाचा जुना रोग आहे. त्याने सगळे ऐकून घेतले. मग सुरी पुसत म्हणाला, ‘आमची माय मीठ-हरद लावून चुलीवर टांगे ना, तेच हे. पावसाळाभर पुरे.’ त्याने पट्टी कापली, कातडी सोलली, किलोला वर थोडे टाकले. पैसे घ्यायला तयार नव्हता. ते घ्यावेत म्हणून करणाऱ्याला जो आवाज लावावा लागला तो वर्गातला होता, आणि तो लागला याचे नंतर वाईट वाटले.

आता मुरवण्याचे प्रमाण. एक किलो मांसाला 25 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम गूळ आणि चमचाभर जाडसर मिरी. कारखान्यातल्या बेकनला यात सोडियम नायट्राइटही अगदी थोडे लावतात. मांस गुलाबी राहते ते त्यामुळे, आणि बोट्युलिझमच्या जंतूंना आळा बसतो तोही त्यामुळे. हे नायट्राइट पवनीत मिळाले नाही. कृषी केंद्रात चौकशी केली असता ‘कॅल्शियम नायट्रेट आहे, पंचवीस किलोची बॅग’ असे उत्तर मिळाले. खताच्या नायट्रेटने मांस मुरवू नये. ते खाण्याच्या शुद्धतेचे नसते आणि बॅग परतही घेत नाहीत. नायट्राइट नसेल तर कोमट धुरीच्या भानगडीत पडू नये, मांस सतत थंड ठेवावे आणि चांगले भाजून लवकर संपवावे. रंग मटणासारखा करडा येतो. तो कबूल करावा, त्यात बीट घालू नये.

मांसाला मिश्रण चोळून डब्यात घालतात, डबा फ्रीजमध्ये ठेवतात आणि रोज एकदा मांस उलटतात. येथे घरातला कायदा आडवा आला. घर शाकाहारी नाही. रविवारी मटण होते, आणि सुकसी भाजली की चार घरांना कळते. पण ‘ते माझ्या ओट्यावर आणू नका, सांगून ठेवते,’ असे गृहिणीने पहिल्याच दिवशी बजावले होते. कोंबडी चालते, बोकड चालतो, मग हेच का नाही, असा सवाल करणाऱ्याने टाकला. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी हा नियम तुम्हीच घालून दिला होता, असे उत्तर आले. पुढचा युक्तिवाद असा झाला की फ्रीज बैठकीत आहे, म्हणजे तो स्वयंपाकघराच्या हद्दीबाहेर येतो. हा मान्य झाला. डब्यावर ‘प्रयोग चालू आहे’ अशी चिठ्ठी लावण्यात आली. दही वरच्या कप्प्यात गेले.

मुरायला सात दिवस लागतात. या सात दिवसांत करणाऱ्याला करण्यासारखे काही नसते. म्हणून सूकरमद्दवाचा विषय येथेच घेणे सोयीचे आहे. तो येथे आवश्यक आहे की नाही, याबद्दल करणाऱ्याला शंका नाही.

महापरिनिब्बानसुत्तात असे सांगितले आहे की भगवान बुद्धांनी शेवटचे भोजन पावा या गावी चुंद नावाच्या सोनार-लोहाराच्या घरी केले आणि त्यात सूकरमद्दव होते. सूकर म्हणजे डुक्कर, मद्दव म्हणजे मार्दव, मऊपणा. आता हे मऊ डुक्कर, की डुकराला मऊ लागणारे काहीतरी? बुद्धघोषाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, फार कोवळ्या नव्हे, फार जून नव्हे अशा डुकराचे मांस हा अर्थ आहे आणि मऊ भाताचा किंवा रसायनाचा असे पर्यायही दिले आहेत. उदान या ग्रंथाच्या अट्ठकथेत आणखी दोन मते आहेत: डुकरांनी तुडवलेल्या जागेतले बांबूचे कोंब, किंवा तशाच जागी उगवलेली छत्री, म्हणजे अळंबी. युरोपातले पंडित यावर शंभर वर्षे शाई आटवत आहेत. पवनी तालुक्याच्या माणसाला मात्र ही यादी वाचून वेगळेच वाटते. बांबूचे कोंब म्हणजे वास्ते. अळंबी म्हणजे सात्या. दोन्ही पावसाळ्यात बाजारात पाटीवर येतात. डुक्कर बारा महिने आहे. म्हणजे पंडितांचे सगळे पर्याय श्रावणातल्या एका बाजारदिवशी, एकाच पिशवीत घेऊन घरी येता येते.

करणाऱ्याची मजल याहून पुढची होती. पावा आणि पवनी! 1969–70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडी खणली, तिच्या पोटातून मोठा स्तूप निघाला. स्तूप आहे, नावाची पहिली दोन अक्षरे आहेत, वास्ते आहेत. करणाऱ्याने यावर अकरा पानांचा लेख लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवला. मल्लांचे पावा गाव उत्तर प्रदेशात कुशीनगरच्या परिसरात होते, बुद्ध तेथून आजारी अवस्थेत त्याच प्रवासात पुढे चालत कुशीनगरला पोहोचले, आणि पवनीहून, म्हणजे वैनगंगेच्या काठावरून, ते शक्य नव्हते, ही गोष्ट लेख टपालात टाकल्यावर लक्षात आली. लेख साभार परत आला नाही. नुसताही परत आला नाही. पण सूकरमद्दव हा शब्द तेव्हापासून करणाऱ्याच्या तोंडी बसला तो बसलाच. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्यालाही तो ऐकावा लागला आहे.

गोव्यात साखवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीचे मोठे अभ्यासक. त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात, 1940 च्या सुमारास, सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांसच असे सरळ लिहिले. मांसाहारावरच्या या लिखाणावरून केवढा गदारोळ झाला. कोसंबींनी शब्द मागे घेतला नाही. हा माणूस 1947 च्या जूनमध्ये सेवाग्रामला, स्वतःहून अन्न सोडून, शांतपणे गेला. बुद्धाच्या ताटात काय होते यावर वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोसंबींचे शेवटचे रिकामे ताट ठाऊक नसते.

आणि त्या सुत्तात ताटाहून मोठी एक गोष्ट आहे, तिच्यावर कोणी फारसे भांडत नाही. जेवणानंतर बुद्धांना रक्ताची हगवण लागली, असह्य वेदना झाल्या. त्या अवस्थेत त्यांनी आनंद या शिष्याजवळ निरोप दिला की चुंदाच्या मनाला कोणी टोचणी लावील, त्याला सांगा की ज्या भोजनानंतर बोधी मिळाली ते आणि हे, ही दोन सारख्याच पुण्याची. आजारी माणूस स्वयंपाक करणाऱ्याची काळजी करतो. करणाऱ्याने एकतीस वर्षांत कोणाच्या टोचणीचा विचार केला होता, याचा हिशेब सात दिवसांत पुरा होत नाही.

आठव्या दिवशी मांस धुऊन, पुसून, रात्रभर फ्रीजमध्येच उघडे ठेवावे. नंतर तासभर बर्फाच्या कप्प्यात घट्ट करून तीन-चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापाव्यात. ओट्यावरची सुरी मिळत नसेल तर नवी घ्यावी.

थर देण्यासाठी न्यू ऑर्लिन्सला पेकान आहे. पवनीला चारोळी आहे. चार हे आंब्याच्या कुळातले झाड आसपासच्या जंगलात भरपूर. चारं उन्हाळ्यात पिकून काळी होतात आणि पानाच्या द्रोणात विकायला येतात. मुले गर खाऊन बी थुंकतात. ती फोडली की आतून चारोळी निघते. फोडणाऱ्याची बोटे सोलवटतात, म्हणून ती महाग. दाण्याचा कूट गुळात विरघळल्यासारखा होतो. चारोळी अख्खी राहते, दाताखाली येते. मराठीत चारोळी म्हणजे चार ओळींची कविताही. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ने तिचे वेड लावले, आणि त्या काळात करणाऱ्यानेही दोनशे चौदा लिहिल्या. खऱ्या चारोळीत जवळपास निम्मे तेल असते, म्हणून ती जुनी झाली की खवट होते. त्या दोनशे चौदा पहिल्या दिवसापासून तशाच होत्या.

दोनशे ग्रॅम पट्ट्यांना 60 ग्रॅम किसलेला गूळ, 40 ग्रॅम चारोळी आणि अर्धा चमचा भिवापुरी मिरचीचे तिखट पुरते. वर मीठ घालू नये. चारोळी बासुंदीसाठी जपून ठेवलेल्या डबीतली असल्यास डबी जागेवर ठेवताना झाकण नीट लावावे. उघडे राहिलेले झाकण हा पुरावा होतो.

भट्टी म्हणून मुलाने केकसाठी पाठवलेला ओटीजी चालतो. तो घरात लावण्यास मनाई असल्यास एक्स्टेंशन बोर्ड ओढून सांदवाडीत, पेरूच्या झाडाखाली, पाटावर मांडावा. 170 अंशांवर पट्ट्या जाळीवर ठेवून आधी नुसत्याच पंधरा मिनिटे भाजाव्यात, म्हणजे चरबी खालच्या तबकात गळते. मग गुळाचे मिश्रण थापून आणखी दहा-बारा मिनिटे. गूळ साखरेआधी करपतो, कारण त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते. शेवटची तीन मिनिटे डोळा हलवू नये. नोंदलेल्या प्रयोगात डोळा हलला नव्हता. सातव्या मिनिटाला लाइन गेली. पट्ट्या तव्यावर काढून चुलीवर घेतल्या, चुलीला एकच आच माहीत होती. चार पट्ट्या कोळसा झाल्या, पाच बचावल्या.

वास मात्र लाइनीवर अवलंबून नव्हता. कुंपणावरून प्रथम एक डोके आले, मग तीन. ‘काय शिजवून राहिले जी सर?’ करणाऱ्याने या वेळी औषध म्हटले नाही. डुक्कर आहे, असे सांगितले. पवनीला अभयारण्य लागून आहे आणि रानडुकराला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. धानाचे बांध उकरणाऱ्या रानडुकरांवर सर्वांचा राग असला तरी कायदाही सर्वांना पाठ आहे. तिन्ही डोकी खाली गेली. संध्याकाळपर्यंत सरांनी जंगलातले जनावर मारल्याची बातमी घाटापर्यंत पोहोचली होती. ज्याने आयुष्यात झुरळ मारायला शेजाऱ्याला बोलावले, त्याला ती बातमी खोडून काढायची फारशी घाई झाली नाही.

गरम पट्टी मऊ असते. जाळीवर दहा मिनिटे निवली की कडक होते. वर्तमानपत्रावर काढू नये. गूळ कागद धरतो. प्रयोगातल्या एका पट्टीवर एका मंत्र्याचे अर्धे हसू आले होते, ती बाद करावी लागली.

चवीबद्दल: प्रथम मीठ, मग गूळ, चारोळी फुटली की तिच्यातले दूध, आणि सगळे संपल्यावर भिवापूर. दोन मित्रांनी अर्धी-अर्धी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांपैकी एकाचे पोट बिघडल्याचे कळले. करणारा चप्पल न घालता त्याच्या दारी गेला. एका लग्नात मित्राच्या आमरसाच्या सहा वाट्या झाल्या होत्या. ‘तुमच्या त्यानं नाई जी, सर. रसानं.’ हे त्याने तीनदा, हात धरून सांगितले. गृहिणीने पट्टी खाल्ली नाही. माझी चारोळी वाया जाऊ देणार नाही, म्हणून तबकातली गळलेली चारोळी वेचून खाल्ली. तिला काय काय चिकटले होते, याची नोंद घेतलेली नाही.

साठवण: घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये लोणीकागद घालून, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. उरलेल्यांपैकी दोन पट्ट्या स्टीलच्या डब्यातून रविवारच्या दुकानी पाठवण्यात आल्या. डबा रिकामा परत करायचा नसतो. तो आठवड्याने आला तेव्हा त्यात मीठ-हळद लावून धुरावर वाळवलेल्या, दोरीत ओवलेल्या पट्ट्या होत्या. माय दोन वर्षांमागे गेली, आता घरची बाई करते, असा निरोप होता. अशा पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. वारा लागेल अशा जागी टांगतात. सध्या त्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, खिडकीच्या सळईला टांगलेल्या आहेत. चरबीचे थेंब पडतात म्हणून खाली वर्तमानपत्र पसरले आहे.